तुम्ही विचारलेत म्हणून : आमच्या रानात काही आहे का?

भूशास्त्र शिकलेला माणूस मराठवाड्यातल्या कोणत्याही लग्नात जेवायला बसला, की दुसऱ्या वाढपाच्या आत त्याला हा प्रश्न विचारला जातो. त्यातल्या ‘काही’चा अर्थ सोने, आणि सोने नसेल तर निदान तांबे. सोबत बहुधा रुमालात बांधलेला एखादा दगड असतो, किंवा ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबकाने गोळा केलेली काळी पूड. मी वर्षानुवर्षे ‘नाही’ एवढेच उत्तर देत आलो, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तोच भाव पाहत आलो, की याला ठाऊक आहे, पण हा सांगत नाही. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो.

चुंबकाला चिकटणारी पूड खोटी नसते. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे चुंबकाला ओढले जाणारे खनिज असते, आणि आपल्या काळ्या पाषाणात दहा टक्क्यांच्या आसपास लोह असतेच. पण ते कणाकणात विखुरलेले आहे, आणि पोलादाच्या कारखान्याला साधारण साठ टक्के लोह असलेला दगड लागतो. तसा तो गडचिरोलीत सुरजागडला आहे. सोन्याचा हिशेब याहून कठोर आहे. पृथ्वीच्या कवचाच्या एका टनात सरासरी काही मिलिग्रॅम सोने असते, आणि खाण परवडायची तर टनाला काही ग्रॅम हवे, म्हणजे निसर्गाने ते आधी हजारपट गोळा करून ठेवलेले हवे. धातू कुठे आहे हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, तो सगळीकडेच आहे. तो गोळा कुणी केला, हे विचारायला हवे.

गोळा करणारे बहुधा पाणीच असते. जमिनीखाली काही किलोमीटरवरचे तापलेले पाणी गंधकाच्या साथीने सोने विरघळवून घेते आणि भेगांमधून वर चढते. भूकंपाने भेग एकदम उघडली, की दाब कोसळतो, पाण्याची सोने धरून ठेवण्याची ताकद संपते, आणि ते गारेसोबत (गार म्हणजे क्वार्ट्झ, पांढरा कठीण दगड) तिथेच बसते. असे असंख्य वेळा घडल्यावर एक शीर तयार होते. हे अनुमान नुसत्या तर्कावर उभे नाही. विद्यार्थी असताना मी गारेची पातळ, दोन्ही बाजूंनी चकाकवलेली चकती सूक्ष्मदर्शकाखाली तापवली होती. तिच्यात कोंडलेल्या थेंबात एक बुडबुडा होता. तापमान वाढत गेले तसा तो आकसला, जागच्या जागी थरथरू लागला आणि एका क्षणी नाहीसा झाला. त्या क्षणी काट्यावर दिसते ते, तो थेंब कोंडला गेला तेव्हाचे किमान तापमान. कित्येक कोटी वर्षे जुन्या पाण्याचा ताप मोजल्याचा तो आनंद मी अजून विसरलेलो नाही, आणि कदाचित त्या आनंदातच माझ्या पुढच्या चुकीचे मूळ असावे.

‘हट्टीची सोन्याची खाण तर निजामाच्याच राज्यात होती, मग सोने तिकडे आणि आपल्याकडे का नाही?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. उत्तर असे, की सरहद्द निजामाची होती, खडक त्याचा नव्हता. आज कर्नाटकात असलेल्या हट्टीचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. आपला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरला. लाव्हात धातू साठत नाही, असे मी पूर्वी ठामपणे सांगत असे. तेही धड खरे नव्हते. सैबेरियातल्या नोरिल्स्कला अशाच लाव्हाशी नाते सांगणाऱ्या शिलारसात गंधक मिसळले आणि निकेल, तांबे त्यातून वेगळे झाले, ताकातून लोणी निघावे तसे. फक्त हे लोणी जड, म्हणून तळाशी बसले. अमेरिकेत मिशिगनच्या कीविनॉ भागात तर लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये शुद्ध तांबे भरलेले सापडले. आपल्याकडे त्याच जातीच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची स्फटिकी खनिजे भरली, आणि इथेच मला मामांची गोष्ट सांगावी लागते.

मी नुकताच एम.एस्सी. झालो होतो. जालना जिल्ह्यात मामांच्या विहिरीला आठव्या परसाला मांजऱ्या, म्हणजे पोकळ्या-पोकळ्यांचा खडक लागला आणि सुरुंग उडाल्यावर भिंतीत रांजणाएवढी पोकळी उघडी पडली. मामांनी मला बोलावून घेतले. यारीच्या टोपल्यात बसून मी खाली उतरलो आणि बॅटरी आत धरली. मधोमध आवळलेल्या कडब्याच्या पेंढ्यांसारखे स्टिल्बाइटचे गुच्छ होते, आणि त्यांच्यावर पाण्यासारखे नितळ, चौकोनी अ‍ॅपोफिलाइट. वर आल्यावर मामांनी विचारले, “बाबू, ह्यात काही हाय का?” मी बांधावर बसून त्यांना तासभर व्याख्यान दिले. खनिज वेगळे, धातुक वेगळे. ज्यातून धातू परवडेल अशा खर्चात काढता येतो तेच धातुक. यात आहे ते सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम आणि पाणी. शेवटी म्हणालो, “मामा, कामाचे नाही.” यारीवाल्यांनी निम्मे गुच्छ घणाखाली फोडून मलब्यात टाकले. उरलेले एका बाहेरच्या माणसाने टेम्पोत भरले आणि मामांच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले.

पुढे दोन वर्षांनी एका प्रदर्शनात काचेखाली तसाच एक गुच्छ मी पाहिला. खालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या किमतीत मामांचे यारीचे भाडे फिटून वर सुरुंगाचा खर्चही निघाला असता. तो त्यांच्याच विहिरीतला होता असे मी म्हणत नाही. विहिरीला पाणी लागले नव्हते आणि उसने काढलेले पैसे फिटले नव्हते, एवढे मात्र मला ठाऊक होते. मी जाऊन मामांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “तू सांगितलं ते खरंच होतं की. धातू नव्हताच.” आणि मामींना आणखी एक भाकरी वाढायला सांगितली.

माझ्या बाजूने बोलायचे तर मी चुकीचे काहीच सांगितले नव्हते. कोणत्याही परीक्षेत त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते. पण मामांनी सोने आहे का असे विचारलेच नव्हते. त्यांनी ‘काही’ विचारले होते, त्याचा अर्थ सोने मी लावला.

आणि माझे ‘नाही’ तरी किती खोल जाते? १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधन केले गेले. तिथे लाव्हाची जाडी ३३८ मीटर भरली. त्याच्या खाली गाळाचा एक पातळ थर आणि मग कर्नाटकातल्या जुन्या खडकांच्या कुळातला पाया. म्हणजे माझे उत्तर किल्लारीत ३३८ मीटरपर्यंतचे आहे. याचा अर्थ तिथे खणावे असा मुळीच नाही, आणि तो तसाच घेतला जाईल हेही मला ठाऊक आहे.

आता कुणी दगडाचा फोटो पाठवला, तर मी ‘नाही’ लिहीत नाही. दगड किती परसावर निघाला ते विचारतो, आणि फरशीच्या मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर तो घासून पाहायला सांगतो. हिरवट काळी रेघ उठली, तर बहुधा लोहमाक्षिक, म्हणजे सोन्यासारखे चमकणारे लोह-गंधकाचे खनिज. पिवळी उठली, तर मी स्वतः येऊन पाहीन, असे कळवतो. पांढरी उठली, तर घण बाजूला ठेवायला सांगतो.