शहाण्णव टाके

स्वेटर मी कॉलेजात असल्यापासून विणतेय. बेळगावात थंडी पडते, त्यामुळं आमच्या घरात कुठल्या ना कुठल्या पिशवीत एक अर्धवट स्वेटर असतोच. स्वेटरात एखादा टाका इकडचा तिकडं झाला तर खपून जातो. जाळीच्या शालीत नाही खपत. तिथं भोकांचीच नक्षी, एक भोक राहिलं की पडलेल्या दातासारखं दिसतं.

गेल्या पावसाळ्यात धाडस केलं. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची जुनी वीण निवडली, 'ओल्ड शेल' म्हणतात तिला. लाटा आल्यासारखी दिसते. चार सुयांची वीण आहे (ओळीला आम्ही सुईच म्हणतो). पहिली सुलट, दुसरी उलट, चौथी परत सुलट. सगळा खेळ तिसऱ्या सुईचा. 18 टाक्यांत आधी दोन-दोन टाके एकत्र तीनदा, मग धागा सुईवर घेऊन एक सुलट असं सहादा, मग परत दोन-दोन एकत्र तीनदा. सहा घटले, सहा वाढले, हिशेब जिथल्या तिथं. मी असे पाच भाग धरले, दोन्ही काठांना तीन-तीन टाके, एकूण 96.

बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक. उबेला चांगली, पण जाळी शेवटी भिजवून ताणून बसवायची असते आणि अ‍ॅक्रिलिक पाण्यानं बसत नाही. म्हणून बारीक मेरिनो, म्हणजे मेंढीची खरी लोकर, ऑनलाइन मागवली, पांढरी. किंमत घरात सांगितली नाही.

आणि मग सुरू झाली मोजदाद. सुई संपली की मोजायचे, मोजून झाले की खात्री म्हणून परत मोजायचे. 95. कुठंतरी धागा घ्यायचा राहिला होता. दिसेना, म्हणून सुई काढून चार ओळी मागं गेले, तर मोकळ्या लोकरीत टाका कुठला आणि भोक कुठलं तेच कळेना. सगळं उसवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा शेजारच्या अक्का मदतीला बसल्या. त्या ओंदु, एरडु करत या टोकाकडून आणि मी एक, दोन करत त्या टोकाकडून. मधे कुठंतरी आम्ही दोघींनी एकमेकींचे आकडे उचलले. बेरीज 103 आली.

रात्री पडल्यावरसुद्धा डोळ्यांपुढं टाकेच. उगवतीला उठून दिवा लावून मोजत बसले होते, तर मामा बाहेर आले. माझे सासरे. वडगावात हातमागावर साड्या विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

"काय करूलालीस गं? परत उसवूलालीस?"

"एक टाका चुकलाय, मामा."

"मग तेवढाच नीट कर की. ताण्यातला एक धागा तुटला म्हणून कोण साडी उसवतंय?"

मी त्यांना सुईवरून एक टाका सोडून दाखवला. जरासं ताणलं, तर सर्रकन शिडी पडली चार ओळी खाली. मागावर तुटलेला धागा सांधता येतो. इथं प्रत्येक टाका खालच्याच्या गळ्यात अडकलेला. मामांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"मग ह्याला खाली अडवायला कायतरी घाल की."

विणणाऱ्या बायका नेमकं तेच करतात, हे मी कधीतरी वाचलं होतं आणि आळसानं सोडून दिलं होतं. मामांनी आपल्या पेटीतून हिरव्या आर्ट सिल्कची एक लडी काढून दिली. गुळगुळीत, त्यामुळं नंतर ओढली की निघून येते. दर आठ सुयांनी, साध्या ओळीवर, दाभणात तो दोरा घालून सगळ्या 96 टाक्यांतून ओवायचा. पुढं काही बिघडलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. दर 18 टाक्यांनंतर दोऱ्याची एकेक कडीही सुईत अडकवली. आता 96 मोजायचे नाहीत, 18 पर्यंतच मोजायचं. चूक कुठल्या भागात ते लगेच कळतं.

चुका थांबल्या म्हणता? छे. पण धागा घ्यायचा राहिलाच तर पुढच्या सुईवर दोन टाक्यांमधली आडवी तार क्रोशानं उचलून टाका करता येतो, हे जमायला लागलं. हिरव्या दोऱ्यापर्यंत मागं यावं लागलं ते फक्त दोनदा. एकदा फोन आला म्हणून, एकदा लाइट गेली म्हणून.

गणपतीच्या आधी टाके बंद केले. शाल कोमट पाण्यात भिजवली, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं आणि पलंगाच्या गादीवर ताणून पिना लावल्या. हातात असताना चुरगळलेल्या फडक्यासारखी होती ती, ताणल्यावर लाटा उघडल्या. पण बेळगावच्या पावसात काय वाळतंय? तीन रात्री आम्ही दोघं हॉलमध्ये खाली झोपलो.

चौथ्या दिवशी पिना काढल्या. सवयीनं मोजूनच लावल्या होत्या, 84. निघाल्या 83. परत मोजल्या, 83. गादी उलटीपालटी करून झाली, झटकून झाली. सध्या भिंतीकडच्या बाजूला कोणी झोपायचं, यावर घरात रोज रात्री वाद आहे.