‘बारोमास’ आणि आमचे वाचक मंडळ

आज सायंकाळी गावच्या वाचनालयात सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीवर चर्चा झाली. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी आपल्याच वऱ्हाडातल्या शेतकरी कुटुंबाची असूनही मंडळाचे एकमत झाले नाही, आणि मला ते मनापासून बरे वाटले.

भाषेवर फारसा वाद झाला नाही. संवादांतली वऱ्हाडी मोठ्याने वाचली गेली, तेव्हा एरवी पुस्तक हाती न धरणारी वडीलधारी माणसेही सरसावून बसली. निवृत्त गुरुजींना मात्र तपशिलांचा पसारा खटकला. मला त्यांचे म्हणणे पटले नाही. कोरडवाहू शेतीत तीच विवंचना दरवर्षी नव्याने उभी राहते आणि ती आटोपशीर करून सांगितली, तर माणूस आतून कसा खचत जातो हे वाचकाला कळणारच नाही. कापूस वेचून थेट आलेले एक काका म्हणाले, “हे तं आमच्या घरी रोजचंच हाय, मंग कायले वाचा?” या प्रश्नाला माझ्याजवळ अजूनही पुरेसे उत्तर नाही.

खरा मतभेद झाला तो कादंबरीचा नायक एकनाथ याच्या बायकोवरून, म्हणजे अलकेवरून. एकनाथ उच्चशिक्षित असूनही बेकार आहे, नोकरीसाठी मोजायला पैसा नाही आणि त्यातून घर धुमसत राहते, हे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना फार जवळचे वाटले. म्हणूनच, पडत्या काळात नवऱ्याला न सांभाळणारी बायको, असा ठपका त्यांनी अलकेवर ठेवला. त्यावर आमच्या आशाताईंनी शांतपणे विचारले, की शेतकऱ्याच्या मुलाला पोरगी मिळत नाही म्हणून हळहळणारे आपणच आपल्या लेकीसाठी नोकरीवाला जावई शोधतो की नाही. कोणी उत्तर दिले नाही. मला ही कादंबरी अतिशय प्रिय आहे. तरी लेखकाची माया एकनाथकडे अधिक झुकलेली आहे आणि अलकेचे दुःख आपल्यापर्यंत बहुधा तिच्या त्राग्यातूनच पोहोचते, असे मला आज प्रथमच तीव्रतेने जाणवले.

पुढील बैठकीत अलकेचेच प्रसंग पुन्हा घ्यावेत, त्यांचे वाचन स्त्रियांनी करावे आणि पहिले मतही त्यांनीच मांडावे, असे मी मंडळाला सुचवणार आहे.