आयल आणि आयलंड: दोन परके शब्द

नागपूरच्या गांधीसागर तलावाच्या मध्यावर असलेल्या बेटाला इंग्रजीत ‘आयल’ म्हणावे की ‘आयलंड’, असे भाचीने विचारले, तेव्हा पहिला शब्द दुसऱ्याचेच संक्षिप्त रूप असावे, असे मी बेधडक सांगून टाकले. शब्दकोश उघडल्यावर मात्र खजील व्हावे लागले.

‘आयल’ हा लॅटिनमधील ‘इन्सुला’पासून फ्रेंचमार्गे आला, ‘इन्शुलिन’ हे नावही त्याच मुळाचे, कारण स्वादुपिंडातील ज्या पेशीसमूहांत ते तयार होते, त्यांना बेटांचीच उपमा दिलेली आहे. ‘आयलंड’ मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला असून, त्याच्या पूर्वार्धाचा संबंध पाण्याशी आहे. त्यात पूर्वी ‘एस’ नव्हताच. सोळाव्या शतकाच्या सुमारास ‘आयल’शी नाते आहे अशा गैरसमजातून तो घुसवला गेला, आणि उच्चारात नसलेले हे अक्षर मुले आजही निमूटपणे घोकतात.

अर्थ जवळचे असले, तरी ‘आयल’ बहुधा कवितेत किंवा विशेषनामांत आढळतो. चौकातील वाहतूक बेटाला ‘आयल’ कोणीही म्हणत नाही. (आपले ‘बेट’ तर बांबूचेही असते!) तलावातल्या बेटासाठी मी भाचीला ‘आयलंड’च सुचवला.