कॅलिफोर्नियात सरकारी जमिनीवर साइड-बाय-साइड न्यायची तर: माझा अनुभव

साइड-बाय-साइड, म्हणजे दोघं शेजारी-शेजारी बसतात ती चार चाकी ऑफ-रोड गाडी, घेताना लोक इंजिन विचारतात, सस्पेन्शन विचारतात. रुंदी कुणी विचारत नाही. मीही विचारली नव्हती. ६४ इंची सेकंडहँड गाडी घेतली, मग निवांत फॉरेस्टचा नकाशा उघडला, आणि मनात धरलेल्या बऱ्याच वाटांपुढे '५० इंच किंवा कमी' असं छापलेलं दिसलं. म्हणून सांगतो: आधी नकाशा, मग गाडी. गाडी आधीच घेतली असेल तर टेप घेऊन टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत स्वतः मोजा, माहितीपत्रकातल्या आकड्यावर जाऊ नका. आधीच्या मालकाने दीड-दीड इंचाचे व्हील स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, बसवले असतील तर तिथेच तीन इंच वाढतात, आणि काही वाटांच्या तोंडाशी रुंदी अडवणारे खांब असतात. तिथे हुज्जत चालत नाही.

पहिलं काम म्हणजे जमीन कुणाची हे ठरवणं. 'सरकारी जमीन' हा एकच प्रकार नाही. फॉरेस्ट सर्व्हिसची जमीन वेगळी, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची म्हणजे बीएलएमची वेगळी, नॅशनल पार्कची वेगळी, राज्याची वेगळी, आणि प्रत्येकाची नियमाची भाषा निराळी. मालकी दाखवणाऱ्या नकाशात रंग ठरलेले असतात: बीएलएम पिवळा, फॉरेस्ट हिरवा, राज्य निळा, खासगी पांढरा. दक्षिणेच्या वाळवंटात हा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक असे मैलभर लांबीरुंदीचे चौकोन दिले गेले, प्रत्येकी ६४० एकर. त्यातले बरेच आजही खासगी आहेत. त्यामुळे सरळ दिसणारी एकच मातीची वाट तासाभरात पाच-सहा वेळा मालक बदलते.

फॉरेस्टमध्ये मूळ कागद एकच, मोटर व्हेइकल यूज मॅप. सगळे त्याला एमव्हीयूएम म्हणतात. तो फुकट मिळतो, काळापांढरा असतो आणि दिसायला अगदी ओबडधोबड. चढउताराच्या रेषा त्यात नसतात, खुणेची ठिकाणं फारशी नसतात, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा तो बाजूला ठेवून एखादं रंगीत ॲप उघडतो. चूक तिथेच होते. ॲपमध्ये वाट दिसते, ती चालवायला परवानगी आहे की नाही हे नेहमी दिसत नाही. एमव्हीयूएमवर जी वाट नाही ती बंद, मग जमिनीवर टायरचे ताजे ठसे असोत, फाटक उघडं असो, पाटी नसो.

पाटी का नसते, याला कारण आहे. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेश क्रमांक ११६४४ ने सरकारी जमिनीवर ऑफ-रोड वाहनं कुठे चालतील ते ठरवून द्यायला सांगितलं. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने त्यात नुकसान दिसताच वाट बंद करण्याचा अधिकार घातला. तरी कितीतरी फॉरेस्टमध्ये 'बंद म्हटलं नाही म्हणजे चालू' असाच कारभार राहिला. २००५ च्या ट्रॅव्हल मॅनेजमेंट नियमाने तो उलटा केला: 'चालू म्हटलं नाही म्हणजे बंद'. बंद वाटेवर पाटी लावायची जबाबदारी त्यामुळे उरली नाही. नकाशा हाच आदेश. पाटी उपटलेली होती हे कारण म्हणून कुणी ऐकत नाही.

नकाशा वाचताना मी तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहतो. एक, रेषेचा प्रकार. रस्त्यांचे दोन वर्ग असतात: फक्त हायवेला चालणाऱ्या गाड्यांसाठीचे, आणि सगळ्या गाड्यांसाठीचे. ग्रीन स्टिकरवाली गाडी, म्हणजे नंबरप्लेटऐवजी राज्याचा ऑफ-रोड नोंदणीचा स्टिकर असलेली, पहिल्या वर्गाच्या रस्त्यावर चालत नाही, रस्ता कितीही मातीचा आणि रिकामा असला तरी. नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. कॅम्पपासून ट्रेलच्या तोंडापर्यंतचा दोन मैलांचा गुळगुळीत ग्रेड केलेला रस्ता बहुधा याच वर्गात निघतो, म्हणजे तेवढ्यासाठी गाडी ट्रेलरवर चढवून न्यायची. ट्रेल्सचे वर्ग त्याखाली येतात: सगळ्यांसाठी, ५० इंचांपर्यंत, फक्त मोटरसायकल. काही ठिकाणी खास रुंदीचा वेगळा वर्गही दिलेला असतो.

दोन, मोसमाचा तक्ता. काही रेषांना नुसती खूण असते आणि तारखा बाजूच्या कोष्टकात वाट क्रमांकानुसार दिलेल्या असतात. एल्डोराडो नॅशनल फॉरेस्टमध्ये मातीच्या वाटा १ जानेवारी ते ३१ मार्च बंद असतात आणि पावसाळी वर्षी मुदत वाढते. ओल्या मातीत गेलेलं चाक खोल चर पाडतं, त्या चरातून पुढच्या पावसाचं पाणी वाहतं आणि वाट ओढा होते. तीन, वाटेच्या कडेने जाणारे बारीक ठिपके. तिथे मुक्कामासाठी ठरावीक अंतरापर्यंत वाटेबाहेर गाडी नेता येते. ते अंतर नकाशाच्या मजकुरात लिहिलेलं असतं. ठिपके नसतील तर कडेला जेमतेम गाडी उभी राहील एवढंच धरून चाला.

नकाशाची जिओ-पीडीएफ फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे नेटवर्क नसतानाही आपण रेषेवर आहोत की नाही ते दिसतं. सोबत कागदी प्रतही ठेवा. उन्हात तापलेला फोन नेमका फाट्यावर बंद पडतो.

बीएलएमकडे शब्द तीन आहेत: ओपन, लिमिटेड, क्लोज्ड. ओपन म्हणजे हद्दीच्या आत कुठेही चालवा. जॉन्सन व्हॅली, ड्युमाँट ड्यून्स, एल मिराज, स्पँगलर हिल्स ही ठिकाणं या प्रकारातली, आणि २०१९ च्या कायद्याने त्यांना कायमचं संरक्षण मिळालं आहे. जॉन्सन व्हॅलीचा काही भाग मात्र मरीन सैनिकांच्या सरावासाठी ठरावीक काळ बंद होतो, तेव्हा निघण्याआधी तारखा बघाव्यात. लिमिटेड म्हणजे फक्त नेमलेल्या वाटांवर. वाळवंटाचा बराच मोठा भाग लिमिटेड आहे, आणि नेमलेल्या वाटेवर बहुधा तपकिरी लवचीक पट्टीच्या खांबावर क्रमांक असतो. क्लोज्डचा अर्थ सांगायला नको.

वाइल्डरनेस हा क्लोज्डमधला सर्वांत कडक प्रकार. १९६४ च्या कायद्याने तिथे इंजिन तर नाहीच, सायकलसुद्धा चालत नाही. १९९४ च्या कॅलिफोर्निया डेझर्ट प्रोटेक्शन कायद्याने बीएलएमच्या जमिनीवर एका दमात ६९ वाइल्डरनेस नेमले गेले, आणि कित्येक ठिकाणी चालू वाट हीच त्यांची हद्द आहे. म्हणजे वाटेवर तुम्ही कायद्यात, समोरून येणाऱ्या गाडीला जागा द्यायला चाकं उजवीकडच्या झुडपात घातलीत की वाइल्डरनेसमध्ये. अशा वाटेवर मी रुंद जागा दिसेल तिथेच थांबून समोरच्याला येऊ देतो.

नॅशनल पार्क सर्व्हिसचं प्रकरण सरळ आहे: मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह आणि डेथ व्हॅलीत मातीच्या रस्त्यांवरही फक्त नंबरप्लेटवाल्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या. प्रसिद्ध मोहावी रोडचा मोठा भाग प्रिझर्व्हमधून जातो. त्यामुळे ग्रीन स्टिकरवर तो सलग करता येत नाही, मग बाकीच्या बाजूंना बीएलएमची जमीन का असेना. या वाटेचे सुंदर व्हिडिओ पाहून साइड-बाय-साइड घेणाऱ्यांनी एवढं आधी वाचावं.

कागदपत्रं आता. खासगी विक्रेत्याकडून गाडी घेतली तर टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, त्याची सही, खरेदीची रक्कम आणि तारीख. विक्रेत्याने पाच दिवसांत जबाबदारीतून सुटकेची नोटीस डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे, द्यायची, आपण दहा दिवसांत नाव बदलायचं. विक्रीकर तिथेच भरावा लागतो. गाडी दुसऱ्या राज्यातून आलेली असेल तर व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाच्या, पडताळणीचा वेगळा फॉर्म लागतो, आणि त्यासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, नुसता फोटो चालत नाही. फ्रेमवरचा क्रमांक चिखलाखाली असतो. तो घरी घासून वाचता येईल असा करून न्या, नाहीतर परत जावं लागतं. ग्रीन स्टिकर दोन वर्षांचा, शुल्क ५४ डॉलर. क्वाडला, म्हणजे हँडलच्या चार चाकी गाडीला, तो डाव्या मागच्या बाजूला फ्रेमवर किंवा पक्क्या प्लास्टिकवर, मोटरसायकलला डाव्या फोर्कवर लावायचा. साइड-बाय-साइडलाही मी मागे डावीकडेच लावला आहे. निघणाऱ्या प्लास्टिक पॅनेलवर लावू नका, पॅनेल तुटलं की स्टिकर गेला.

सेकंडहँड डर्ट बाइक घेणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. २००३ ते २०२१ मॉडेलच्या बाइकच्या व्हीआयएनमध्ये आठव्या जागी ३ किंवा सी असेल तर ती धुराच्या निकषात न बसणारी, म्हणजे रेड स्टिकर वर्गातली. पैसे मोजण्याआधी तो अंक वाचा.

आता यंत्र. सगळ्यात जास्त अडवणूक सायलेन्सरवर होते. गवत, झुडपं किंवा झाडी असलेल्या जमिनीवर फॉरेस्ट सर्व्हिसने मान्य केलेला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारा भाग, लागतोच. मूळ सायलेन्सरवर तसा शिक्का असतो. बाहेरचा सायलेन्सर बसवलेला असेल तर अरेस्टर हा शेपटीतून, म्हणजे धूर सोडणाऱ्या टोकातून, आत सरकवलेला जाळीचा वेगळा तुकडा असतो, आणि 'पॉवर वाढते' म्हणून मालक तो काढून टाकतात. माझ्या गाडीत तसंच निघालं. रेंजरची तपासणी साधी: शेपटीतून एक बारीक सळई आत घालायची. अडली तर जाळी आहे, सरळ आत गेली तर दंड.

जाळी काजळीने भरली की गाडी वरच्या आरपीएमला दमते आणि लोक कार्बुरेटर किंवा इंजेक्टरमागे लागतात. आधी जाळी बघा. सायलेन्सर थंड असताना शेपटीचे स्क्रू काढायचे, जाळी ओढून काढायची, तारेच्या ब्रशने कोरडी घासायची, उजेडासमोर धरून एकही भोक फाटलेलं नाही ना ते बघायचं. फाटलेली जाळी ठिगळ न लावता बदलायची, कारण ठिणगी त्याच भोकातून बाहेर पडते. स्क्रूच्या आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जखडू न देणारा लेप, लावून बसवा, नाहीतर पुढच्या वेळी डोकं तुटून ड्रिल लागेल.

आवाजाची मर्यादा १ जानेवारी १९८६ पासून बनलेल्या गाडीला ९६ डेसिबल, त्याआधीच्या गाडीला १०१. मोजणी उभ्या गाडीवर, न्यूट्रलमध्ये: माइक शेपटीच्या टोकापासून २० इंचांवर, ४५ अंशांत, शेपटीच्याच उंचीवर, आणि इंजिन रेडलाइनच्या, म्हणजे त्याच्या कमाल फेऱ्यांच्या, निम्म्यावर. रेडलाइन ८५०० असेल तर ४२५० वर धरायचं. फोनच्या ॲपने घरी अंदाज येतो, पण ॲप ९४ म्हणाला म्हणून निश्चिंत होऊ नका, फोनचा माइक मोठ्या आवाजाला कमी दाखवतो. बाहेरच्या सायलेन्सरमध्ये आवाज वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आतलं आवाज शोषणारं पॅकिंग जळून गेलेलं असतं. रिव्हेट ड्रिल करून काढायचे, जुनी राख झटकायची, आतल्या भोकाभोकांच्या नळीवर नवं पॅकिंग घट्ट गुंडाळून पुन्हा रिव्हेट मारायचे. सैल गुंडाळलं तर काही महिन्यांतच पुन्हा पोकळ होतं.

साइड-बाय-साइडमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट आणि खांद्यावरून येणारा पट्टा, दोन्ही. प्रवाशाची पाठ सीटला टेकलेली असताना पाय तळाला पोचले पाहिजेत आणि हाताला धरायला मूठ पाहिजे. लहान मुलांना 'मांडीवर घेऊन जाऊ' म्हणणाऱ्यांचा प्रश्न इथेच मिटतो. अंधार पडल्यावर पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा हवेतच. वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात उंच झेंडा लागतो, कारण वाळूच्या माथ्यापलीकडची गाडी झेंड्यानेच दिसते.

निघायच्या आदल्या दिवशी रेंजर ऑफिसला फोन करतो. 'ट्रेल चालू आहे का?' असं विचारलं तर 'हो' एवढंच उत्तर येतं आणि ते बहुधा जीपवाल्यासाठी असतं. मी क्रमांक वाचून दाखवतो: अमुक क्रमांकाची वाट, उद्याची तारीख, ६४ इंची ग्रीन स्टिकर गाडी, आणि आगीमुळे किंवा पडझडीमुळे काढलेला तात्पुरता बंदी आदेश आहे का? वणव्यानंतर जळलेल्या भागावर असा आदेश लांबतो आणि तो एमव्हीयूएमवर नसतो, वेगळा निघतो. शेगडी किंवा चूल पेटवायची असेल तर कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिटही लागतं. ते ऑनलाइन फुकट मिळतं, पण आगबंदी असेल तर ते हातात असूनही चूल पेटवता येत नाही.

वाळवंटात गाडी उभी करून परत आलात की चालू करण्याआधी वाकून खाली बघा. उन्हात कासव सावलीला येऊन बसतं, बहुतेक वेळा चाकाला अगदी लागून. त्याला उचलू नका. घाबरलं की ते साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि वाळवंटात ते पाणी त्याला लवकर परत मिळत नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन बसा, ते आपसूक निघेपर्यंत थांबा.