बाहुलीची अंत्ययात्रा आणि चटणी सँडविच

डिसेंबर लागला की पुण्यात सवाईची बोलणी सुरू होतात. आमच्या घरी त्याच दिवसांत आणखी एक गडबड असायची. कॅम्पातल्या आमच्या पियानोच्या टीचर दर वर्षी एका शाळेचा जुना हॉल घेऊन विद्यार्थ्यांचा कार्यक्रम करायच्या. आजीच्या लेखी ते गॅदरिंगच.

पावसाळ्यात दमट हवेने पियानोच्या पट्ट्या अडकतात, म्हणून त्या हॉलमधल्या पियानोच्या पोटात एक छोटा बल्ब पेटता ठेवलेला असे. आदल्या दिवशी ट्यूनर यायचे आणि टीचर त्यांच्या डोक्यावर उभ्या. कार्यक्रमात गोल स्टूल फिरवून वर-खाली करायचं काम एका मोठ्या दादाकडे होतं. तो इतका मन लावून फिरवायचा की छोट्यांचे पाय जमिनीलाही टेकत नसत, पेडल तर दूरच.

एका वर्षी टीचरनी सगळा कार्यक्रम बालपणावरच्या रोमँटिक, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या भावप्रधान शैलीच्या युरोपीय संगीताचा ठरवला. छोट्यांच्या वाट्याला जर्मन संगीतकार शूमानचा १८४८ मधला मुलांसाठीचा संग्रह आला. त्यातल्या ४३ रचनांची सुरुवात त्याने आपल्या थोरल्या मुलीच्या, मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी केली होती. ‘आनंदी शेतकरी’ तर चार जणांना हवा होता. मधल्या वर्गाला रशियन संगीतकार चायकोव्हस्की. त्याने १८७८ मध्ये शूमानच्याच धर्तीवर २४ सोप्या रचना लिहिल्या आणि भाच्याला अर्पण केल्या. त्यात बाहुलीचं आजारपण आहे, तिची अंत्ययात्रा आहे आणि मग नवी बाहुलीही आहे. अंत्ययात्रा वाजवणारी मुलगी मधेच रिबीन सावरून घेत होती. तिचं सगळं लक्ष डाव्या हाताच्या बोटांवर. रुमाल निघाले ते पालकांच्या रांगेत. मला हे तेव्हा विचित्र वाटलं होतं, आता वाटत नाही. मुलांना वाजवायला नोटेशन असतं, बालपण दिसतं ते मागे बसलेल्यांना.

शेवटी टीचर स्वतः वाजवणार होत्या : शूमानचं ‘किंडरझेनेन’, म्हणजे बालपणीची दृश्यं, १८३८ सालचं. यातल्या १३ रचना मुलांनी वाजवायच्या नव्हेतच. मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेलं बालपण आहे ते. शूमानचं पियानोवादक क्लाराशी लग्न व्हायला अजून दोन वर्षं होती. तू मला कधी कधी लहान मुलासारखा वाटतोस, असं तिने त्याला लिहिलं होतं आणि या रचना म्हणजे त्याचाच पडसाद असावा, असं त्याने तिला कळवलं. लिहिल्या होत्या तीसेक, त्यातून निवडून एवढ्या ठेवल्या.

आजीची अडचण वेगळी होती. आयुष्यभर गाण्याच्या बैठकीत बसलेली बाई. जागा आवडली की दाद जाणारच. ‘लाकडी घोड्यावरचा स्वार’ या रचनेला तिने मागच्या वर्षी मोठ्याने ‘वा!’ म्हटलं होतं. म्हणून टीचर आधीच येऊन सांगून गेल्या, ‘‘आजी, मधे टाळी नको हां. तेरा झाले की मग.’’ आजीने पत्रिका मांडीवर घेतली आणि बोटांवर मोजायला बसली.

सातवी रचना ‘ट्रॉयमेराय’, म्हणजे स्वप्नात हरवणं, सगळ्यांत प्रसिद्ध. तीच ओळ पुन्हा पुन्हा खालून वर चढते. पहिल्यांदा वरच्या ‘एफ’ या सुरावर टेकते, दुसऱ्यांदा त्याही पुढे ‘ए’ गाठते. शेवटी पुन्हा तोच ‘ए’ येतो, पण खालचे सूर बदललेले असतात, आणि तिथे टीचर क्षणभर थांबल्या. आजी मान हलवत होती. तोंडातून मात्र अवाक्षर नाही.

तेरावी रचना इतक्या हळू संपते की संपली हे कळतच नाही. टाळ्या सुरू झाल्या तरी आजीचे हात मांडीवरच. नंतर चटणी सँडविच खाताना तिने टीचरना चक्क हिशेब विचारला, ‘‘पत्रिकेत तेरा लिहिलेत, मी बाराच मोजले.’’

‘‘बारावा नंबर, आजी,’’ टीचर म्हणाल्या, ‘‘मूल झोपी जातं तो. मी बघितलं ना, तुम्हीपण झोपलात.’’