पट्टा ताणला की बेअरिंग जातं

मार्च लागला की आमच्याकडे मिरची कांडपाचा सीझन सुरू होतो आणि दुकानात दुरुस्तीला मोटरी यायला लागतात. परवा एक काकू 2 एचपीची मोटर रिक्षात टाकून आल्या, म्हणाल्या, "दादा, वर्षात तिसरं बेअरिंग हो हे, दुकानदार डुप्लिकेट देतो की काय?" खरंच वाईट वाटलं, कारण ऐन सीझनात मशीन बंद म्हणजे रोजची कमाई बंद. आणि माल तर ओरिजिनल होता.

खोलताना पट्ट्याची बाजू कोणती ते बाहेरच्या रिंगवर मार्करने लिहून ठेवलं, मग पुलरने (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) पुढचं 6205 नंबरचं बेअरिंग काढलं आणि ग्राइंडरने ती रिंग कापली. आतल्या खाचेत एकाच जागी नखाएवढी खपली निघालेली, बाकी रिंग आरशासारखी. खपलीची जागा बरोबर पट्टा ओढतो त्या बाजूला! म्हणजे माल नाही, ओढ जास्त.

6205 मध्ये आतल्या-बाहेरच्या रिंगांच्या मध्ये 9 पोलादी बॉल असतात, पण भार काय नऊ जणांत सारखा वाटला जात नाही, ओढीच्या बाजूला जो बॉल येतो त्याच्या एकट्यावर निम्म्याच्या आसपास भार येतो, आणि तो बॉल रिंगला टेकतो कुठे तर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान जागेवर. प्रत्येक बॉल त्या जागेवरून जाताना पोलाद दाबलं जातं, सुटतं, पुन्हा दाबलं जातं. सगळ्यात जास्त ताण वरच्या पृष्ठभागावर नसून त्याच्या जरासा खाली असतो, तिथे केसाएवढी चीर पडते, ती वर येते आणि खपली उडते. आवाज आपल्याला ऐकू येतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं.

आता हिशोब बघा, मला हाच सगळ्यांना सांगावासा वाटतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाने कमी होतं. भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मं नाही, आठवा हिस्सा. कॅटलॉगमध्ये 6205 ची क्षमता साधारण 14 किलोन्यूटन असते. 1440 आरपीएमच्या (मिनिटाला 1440 फेरे) मोटरवर, समजा बेअरिंगवर 1 किलोन्यूटन भार आहे (म्हणजे शंभरेक किलो), तर सुमारे 31,760 तास मिळतात, रोज 8 तास चालवलं तर दहा वर्षांच्या वर. 2 केले की 3,970 तास. 3 केले की 1,176, म्हणजे पाच महिनेसुद्धा नाही. आणि हे शंभरातली नव्वद बेअरिंगं गाठतात ते आयुष्य, दहा त्याच्याही आधी जातात, त्यात मिरचीची धूळ वेगळीच.

मग काकूंच्या घरी गेलो. मोटर स्लाइडवर पार मागे खेचलेली, पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा. का हो एवढा ताणला, विचारलं तर म्हणाल्या घसरायचा ना, मुलगा दरवेळी थोडा थोडा ओढायचा. पुलीत बोट घातलं तर खाचेचा तळ चकचकीत! पट्ट्याने दोन्ही बाजूंच्या भिंती धरायच्या असतात, झिजून झिजून हा तळाला टेकलेला, मग कितीही ताणा घसरणारच. वर पुली शाफ्टच्या टोकाला, बेअरिंगपासून जितकी लांब तितका बेअरिंगवर भार जास्त.

पुली बदलली, नवीन पट्टा टाकला, पुली मोटरच्या अंगाला सरकवून बसवली. नवं बेअरिंग तेलात गरम करून बसवलं, कारण बाहेरच्या रिंगवर हातोडी मारून शाफ्टवर ठोकलं की बॉलचे ठसे रिंगच्या खाचेत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खराब होतं. मुलाला जवळ बसवून अंगठ्याने पट्टा दाबून दाखवला, किती लवायला पाहिजे ते त्याच्याच हाताला कळू दे म्हणून. काकूंनी पहिला घाणा लावला, अर्ध्या तासाने मोटरच्या पुढच्या कव्हरवर हात ठेवला तर आरामात ठेवता येत होता.