खालचा ओठ

मध्यंतरी एका दुपारी गाडीखाली आडवा पडलो होतो तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं ही गाडी चालवतोय, दर रविवारी धुतोय, पण तिच्या हनुवटीखाली काय आहे ते कधी वाकून बघितलंच नाही. वाळलेला चिखल होता, स्प्लॅश शील्डच्या, म्हणजे चिखलपाणी अडवणाऱ्या खालच्या आवरणाच्या, फटीत अडकलेलं एक सुकलेलं पान होतं, आणि बंपरच्या खालच्या कडेला ओळीने ओरखडे, लहान मोठे, पंधरा-वीस तरी. त्यातला एकसुद्धा कधी पडला ते मला आठवत नव्हतं. आणि मी स्वतःला जपून गाडी चालवणारा माणूस समजतो.

तर, लिप लावायची होती, म्हणजे पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला बसवायची ओठासारखी पट्टी. काहीजण त्याला स्प्लिटर म्हणतात, ते एकवेळ चालेल, पण काही महाभाग डिफ्यूझर म्हणतात आणि तिथे माझं डोकं फिरतं. डिफ्यूझर मागे असतो हो. मागे! ओठ आणि टाच यात काही फरक आहे की नाही. असो, हा माझा खाजगी त्रास आहे, त्याचं ओझं तुमच्यावर नको.

गरज होती का? अजिबात नाही. थिअरी मला पाठ आहे, नाकाखालून गाडीच्या पोटात शिरणारी हवा अडवायची म्हणजे वेगात पुढची चाकं हलकी होत नाहीत, वगैरे. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १२० च्या स्पीडला जेवढा असतो त्याचा नववा हिस्सा ४० ला. आणि माझी गाडी रोज ४० नेच जाते, तेही सिग्नल मेहेरबान असतील तर. हा सगळा हिशेब मी ऑर्डर द्यायच्या आधी केला होता, नीट कागदावर केला होता, आणि मग ऑर्डर दिली.

खोकं आलं ते लांबीला कमी होतं, त्यामुळे आतली लिप वाकवून कोंबलेली. उघडली तर रुसलेल्या पोराने काढावा तसा आकार. पॉलियुरेथेनची होती, म्हणजे ऊन लागलं की मऊ पडणाऱ्या लवचिक प्लास्टिकची, म्हणून उन्हात पसरून ठेवली, अधूनमधून जाऊन हाताने सरळ करत राहिलो. हळूहळू तिचा राग गेला. सोबत एका पिशवीत आठ स्क्रू, आतल्या कडेला आधीच लावलेली दुहेरी टेप, आणि एक कागद ज्यावर एकच फोटो, त्यात भलत्याच गाडीला भलतीच लिप. बाकी तुमचं तुम्ही बघा.

अशा कामात खरी मजा चिकटवण्यात नाही, त्याआधीच्या तयारीत आहे, निदान मला तरी. बंपरचा मध्य काढायचा. आता मध्य म्हणजे कुठे, लोगोच्या खाली की नंबरप्लेटच्या खाली? नंबरप्लेटवर माझा विश्वास नाही, ती बसवणाऱ्याने घाईत बसवलेली असते. मी एका फॉगलॅम्पपासून दुसऱ्यापर्यंत मोजपट्टी धरली, निम्मं केलं, मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेन्सिलने रेघ मारली, लांब जाऊन डोळा बारीक करून बघितलं, परत आलो, रेघ पुसली, परत मारली. मग लिप टेपच्या तुकड्यांनी नुसती टांगून ठेवली. निळ्या पट्ट्या जागोजाग लावलेली गाडी हॉस्पिटलमधून सुटून आल्यासारखी दिसत होती. आई बाहेर आली, तिने एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "कुठे ठोकलीस?"

मग सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, स्वच्छ फडकं, एका दिशेने पुसायचं. बंपरचा रंगवलेला भाग बरा असतो, टेप तिथे पटकन धरते. खालची कड मात्र बिनरंगाची, काळी, खरबरीत प्लास्टिकची, तिथे कुठलीही टेप नुसती ओळख देते आणि सोडून जाते. म्हणून प्रायमर लावायचा, तो सुकू द्यायचा, मगच टेप. तो लाल कागद, म्हणजे कागद नाही, टेपवरचं लाल आवरण, ते आधी सगळं काढायचं नाही हे मी एकदा घरातला आरसा लावताना हात पोळून शिकलोय. दोन्ही टोकांना बोटभर सोडवायचं, शेपटीसारखं बाहेर वळवून ठेवायचं, वस्तू जागेवर आली की शेपूट धरून हळू ओढत जायचं. ते जे ओढणं आहे ना, सर्र करत एका लांब लाल पट्टीत सगळं निघून येणं, त्यासाठी मी अजून दोन लिपा लावायला तयार आहे. मधेच तुटलं तर मात्र दिवसाचं वाटोळं. माझं डावीकडचं तुटलं. अर्धा तास नखाने खरवडत बसलो.

टेप चिकटली, अंगठ्याने मधून टोकांकडे दाबत गेलो, आणि मग ड्रिल हातात घेतलं. आणि तिथेच बसून राहिलो.

कारण आता भोक पाडायचं होतं. लिपला नाही, बंपरला. धडधाकट बंपरला. टेप काय, नको झाली तर ओढून काढता येते, डाग पुसता येतो, पण भोक म्हणजे भोक. काही स्क्रू शील्डच्या आधीच्याच भोकांत बसत होते, तरी कडेला नवीन पाडायला लागणारच होती. त्या काळ्या प्लास्टिकवर पेन्सिलची फुली, फुलीवर ड्रिलचं टोक, आणि बोट काही बटण दाबेना.

सायकल आठवली. माझी पहिली स्वतःची, म्हणजे कुणाची तरी जुनी पण आता माझी. तिच्या मागच्या मडगार्डला खाली लोंबणारा रबरी फ्लॅप हवा होता मला, सगळ्या मोठ्या मुलांच्या सायकलींना होता. कितीतरी दिवस भुणभुण केल्यावर बाबांनी आणला. काळा, जाडसर, त्यावर पंख पसरलेला पांढरा पक्षी. पण त्याला भोकंच नव्हती. मडगार्डलाही नव्हती. बाबांनी मडगार्डच्या पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा धरला आणि खिळा ठोकून दोन भोकं पाडली, प्रत्येक घावाला मी डोळे मिटत होतो. मग रबराची पाळी. खिळा पकडीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवला आणि रबरावर टेकवला. चुर्र आवाज, काळ्या धुराची बारीक दोरी, आणि तो वास, तो तुम्हाला माहीत असेल तर माहीत आहे, नसेल तर सांगून उपयोग नाही. पहिलं भोक त्यांनी पाडलं. दुसऱ्याला पकड माझ्या हातात दिली, स्वतःचा हात माझ्या मनगटाखाली धरला, आणि म्हणाले, "दाबू नकोस. टेकव फक्त. त्याचं ते जातं."

गेलं. पण बोटभर वरच्या बाजूला गेलं. त्यामुळे फ्लॅप तिरका बसला आणि पक्षी उडण्याऐवजी एका पंखावर कलंडून पडल्यासारखा दिसायला लागला. माझे डोळे भरून आले. बाबांनी लांब उभं राहून बघितलं, पकड खिशात टाकली आणि म्हणाले, "असू दे रे. चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही."

म्हणजे मला दिसणारच नाही की काय, ही शंका तेव्हा पहिल्यांदा आली. म्हणून मी त्याच संध्याकाळी मान पूर्ण मागे वळवून, फ्लॅप हलताना कसा दिसतो ते बघत बघत सायकल चालवली आणि सरळ भिंतीवर नेऊन घातली. पुढचं चाक वाकडं. फ्लॅपला काही झालं नाही.

लिपचंही तेच आहे की. ड्रायव्हरच्या सीटवरून मला बॉनेटच्या पुढचं काहीही दिसत नाही, लिप तर सोडाच. ती दिसणार समोरच्या गाडीवाल्याला, त्याच्या आरशात, तेही त्याने बघितलं तर. बीएमडब्ल्यूने १९७३ साली '२००२ टर्बो' नावाची गाडी आणली तेव्हा पुढच्या स्पॉयलरवर, म्हणजे अशाच खालच्या ओठावर, गाडीचं नावच उलट्या अक्षरांत लिहिलं होतं, म्हणजे पुढच्याला आरशात सुलट वाचता यावं, की मागून कोण येतंय ते ओळख आणि बाजूला हो. बराच आरडाओरडा झाला त्यावर. पण मला ते प्रामाणिक वाटतं. निदान कुणासाठी लावलंय ते सरळ लिहिलं होतं. माझ्या लिपवर काय लिहायचं? "आपण सावकाश जा, मलाही घाई नाही"?

हे सगळं मनात चाललेलं असताना बोटाने बटण कधी दाबलं कळलं नाही. दाबायला लागतच नाही, प्लास्टिक लोण्यासारखं असतं. पांढऱ्या-काळ्या सुतासारखा एक भुगा नाकावर पडला. दुसरं भोक पाडताना काही वाटलं नाही आणि तिसऱ्याला तर मी शीळ घालत होतो, हे मला जरा विचित्रच वाटलं, म्हणजे मघाशी दहा मिनिटं जो बसला होता तो कोण होता मग?

उठून, गुडघे झटकून, लांब जाऊन बघितलं. डावीकडे खाली. मोजलं, चार मिलिमीटर. परत मोजलं, साडेचार. मग वाटलं जमीनच तिरकी असेल, मग वाटलं कंपनीनेच बंपर तिरका बसवला असेल, मग गाडी थोडी पुढे घेऊन दुसरीकडे मोजलं, चारच. बाबांना फोन करून सांगितलं असतं तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे, म्हणून नाही केला. संध्याकाळी ते स्वतःच स्टूल घेऊन गाडीसमोर येऊन बसले. आता त्यांना वाकता येत नाही, स्टुलावर बसूनच सगळी पाहणी चालते. बराच वेळ बघत राहिले. मग काठी डावीकडे दाखवून म्हणाले, "इथे टेपचा कागद राहिलाय बघ आत."

राहिला होता. लाल, नखाएवढा.

टेपला पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात म्हणून तीन दिवस गाडी धुतली नाही, पहाटे उठून कोपरे दाबून बघायचो. आता स्पीडब्रेकर दिसला की गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत, पोट दुखणाऱ्या माणसासारखा उतरवतो, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. तरी एकदा घासलीच. खर्र. उतरून बघायचं नाही असं ठरवलं होतं, उतरून बघितलं.

एक स्क्रू उरलाय मात्र. आठ होते, सात लागले, सगळी भोकं भरलेली आहेत, दोनदा मोजली. तो मी गिअरच्या पुढच्या खणात टाकून ठेवलाय. वळणावर खुळखुळतो.